जास्त पगार की हातचा वेळ?



२०२० च्या टाळेबंदीनंतर आपल्या घरांतही एक नवा प्रश्न उभा राहिला आहे. शिकलेल्या मुलापुढे किंवा मुलीपुढे दोन नोकऱ्या येतात. एकीत शहरातल्या कचेरीत रोज हजेरी, पण पगार जास्त. दुसरीत घरी बसून संगणकावर काम, पण पगार कमी. वडीलधारे म्हणतात, चालून आलेला पैसा सोडणे हा वेडेपणा. तरुण म्हणतात, जगायला वेळही हवा. खरे कोणाचे?

आधी हिशेब मांडा. समजा, कचेरीचा पगार ४५,००० रुपये आणि घरच्या कामाचा ३४,०००. शहरातले खोलीभाडे, खानावळ आणि गाडीभाडे यांत १५,००० गेले, तर हाती ३०,००० उरतात. घरी जेवणखाण, वीज व इंटरनेटचे ५,००० धरले, तर २९,००० उरतात. ११,००० चा फरक १,००० वर आला. शिवाय जाण्यायेण्याचे रोज तीन तास धरले, तर २२ दिवसांत ६६ तास वाचतात. मात्र भविष्य निर्वाह निधी मूळ पगारावर कापला जातो. तो पगार कमी असेल तर म्हातारपणाची शिदोरीही कमी होते, हे विसरू नका.

तथागतांनी गृहस्थाला दारिद्र्य शिकविलेले नाही. व्यग्घपज्ज सुत्तात उद्योग, मिळविलेल्याचे रक्षण, कल्याणमित्रांची संगत आणि आय पाहून व्यय, अशा चार गोष्टी सांगितल्या आहेत. सिगालोवाद सुत्तात मिळकतीचा एक भाग संकटासाठी राखून ठेवावयास सांगितले आहे. परमपूज्य बाबासाहेब १९१८ ते १९२० या काळात सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक होते. त्या पगारातून शिल्लक टाकून ते अपुरे शिक्षण पुरे करण्यासाठी लंडनला गेले. पगार हे त्यांचे साधन होते. तेव्हा पैसा किती, याआधी तो कशासाठी, हे विचारले पाहिजे.

घरावर कर्ज असेल, धाकट्या बहिणीची फी भरायची असेल आणि हाती खरोखरच जास्त उरत असेल, तर जास्त पगार घेणे हे कर्तव्य आहे. त्याला कोणी लोभ म्हणू नये. पण गरजा भागत असतील, तर थोडे पैसे सोडून वेळ घेणे हा वेडेपणा नव्हे. फक्त तो वेळ कशाला लावणार, ते स्वतःला सांगा. आजारी आईची सेवा, पुढचा अभ्यास, विहारात वस्तीतल्या मुलांची शिकवणी, यांसाठी दिलेला तास हेही दानच आहे. तोच तास मोबाइलवर गेला, तर पैसाही गेला आणि वेळही.

आणखी एक गोष्ट. मुलगी किंवा सून घरून काम करते तेव्हा "घरीच तर असते" असे म्हणून चूल, पाणी, पाहुणे सारे तिच्यावर टाकले जाते. बाबासाहेब मजूरमंत्री असताना त्यांनी मांडलेल्या विधेयकातून १९४६ मध्ये कारखान्याचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. कामाला मर्यादा हवी, हे कारखान्यात खरे असेल तर आपल्या घरातही खरे आहे. एकाचा वाचलेला वेळ दुसऱ्याच्या कष्टातून काढलेला असेल, तर ती सम्यक आजीविका कशी म्हणावी?

म्हणून घरातली सर्व माणसे एकत्र बसा. वहीत पैसे लिहा, तास लिहा, आणि कोणते काम कोण करणार तेही लिहा. मग निवडा.