‘ध’चा ‘मा’ आणि तोंडी हुकूम

मराठी मूल मुळाक्षरे गिरवू लागते, साधारण त्याच सुमारास त्याच्या कानावर ‘ध’चा ‘मा’ झाल्याची गोष्ट पडते. ३० ऑगस्ट १७७३ रोजी भर दुपारी शनिवारवाड्यात गारदी शिरले आणि अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांचा खून झाला. रघुनाथरावांनी ‘नारायणरावांस धरावे’ असे लिहिले होते, आनंदीबाईंनी एक अक्षर फिरवून त्याचे ‘मारावे’ केले, असे आजी सांगते आणि नातवंडे डोळे विस्फारून ऐकतात. इतिहासकारांना या अक्षरबदलाचा भक्कम पुरावा सापडलेला नाही. तरीही ही कथा अडीचशे वर्षे टिकली आहे, आणि ती का टिकली असावी याचा विचार केला म्हणजे माणसाच्या मनाचा एक कोपरा उजेडात येतो. एवढे मोठे पाप एका अक्षरात मावते, ही कल्पना सर्वांनाच सोयीची असते. ज्याने लिहिले तो म्हणतो, मी धरा म्हटले होते. ज्याने तलवार चालवली तो म्हणतो, मी फक्त हुकूम बजावला. उरते ते बिचारे अक्षर. त्याला फाशी कोण देणार?

या खुनाची चौकशी केली रामशास्त्री प्रभुणे यांनी. ज्यांच्यावर संशय ते स्वतःच आता मसनदीवर बसलेले, आणि न्यायाधीश त्यांचाच चाकर. तरी शास्त्रीबुवांचे बोट तलवार धरणाऱ्या हातांपाशी थांबले नाही. ते मसनदीपर्यंत गेले. या पापाला देहान्त प्रायश्चित्ताखेरीज दुसरे प्रायश्चित्त नाही, असे राघोबादादांना तोंडावर सांगून त्यांनी पद सोडले व पुणेही सोडले, ही हकीकत आपण मुलांना निर्भयपणाचा धडा म्हणून सांगतो. ते योग्यच आहे. पण त्या चौकशीत आणखी एक प्रश्न दडलेला आहे, आणि तो आजही शिळा झालेला नाही. सत्तेच्या हातून अपराध घडला, तर तो नेमका कोणाचा? तोंडाने बोलणाऱ्याचा, हाताने करणाऱ्याचा, की ज्याच्या नावाने सारे चालते त्याचा?

स्वतंत्र भारताला हा प्रश्न फार लवकर भेटला. १९५२ साली चौकशी आयोगांचा कायदा झाला. १९५६ मध्ये आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण होऊन विमा महामंडळ जन्माला आले. दुसऱ्याच वर्षी, १९५७ च्या जूनमध्ये, या महामंडळाने हरिदास मुंदडा नावाच्या व्यापाऱ्याच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे शेअर विकत घेतले. कंपन्या डबघाईला आलेल्या, मुंदडांची कीर्ती बाजारात फारशी चांगली नाही, आणि महामंडळाच्या ज्या समितीने गुंतवणुकीचा सल्ला द्यायचा तिला पत्ता लागला तो व्यवहार उरकल्यावर. पैसा कोणाचा? हप्ता भरण्यासाठी महिन्याच्या खर्चाला कात्री लावणाऱ्या कारकुनाचा आणि प्राथमिक शिक्षकाचा. लोकसभेत हा प्रश्न लावून धरला फिरोज गांधींनी. ते पंतप्रधानांचे जावई आणि सत्ताधारी पक्षाचेच खासदार होते, हे विसरता कामा नये.

मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांच्याकडे चौकशी सोपवली गेली. ती उघड्यावर झाली. ऐकायला इतके लोक लोटले की लाउडस्पीकर लावावे लागले. महिन्याच्या आत, फेब्रुवारी १९५८ मध्ये, अहवाल तयार झाला. आजच्या काळात हे परीकथेसारखे वाटते.

त्या चौकशीचा सारा पेच एका संभाषणाभोवती होता. अर्थखात्याचे मुख्य सचिव एच. एम. पटेल यांचे म्हणणे असे की, मंत्र्यांशी बोलून, त्यांच्या संमतीनेच मी हे केले. अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांचे म्हणणे असे की, मी संमती दिलीच नव्हती. दोघांत बोलणे झाले होते, पण कागद नव्हता. पुन्हा तोच ‘ध’ आणि तोच ‘मा’. या वेळी तर अक्षरही नव्हते, नुसती हवा होती. छागलांनी निर्वाळा दिला की, सचिवाच्या कृतीची जबाबदारी मंत्र्याला झटकता येणार नाही. कृष्णम्माचारींनी राजीनामा दिला.

हे न्याय्य झाले काय? ज्याला खरोखरच ठाऊक नव्हते असा एखादा मंत्री असला, तर दुसऱ्याच्या करणीचे फळ त्याने का भोगावे? हा आक्षेप वरवरचा नाही. पण त्यात पाप आणि उत्तरदायित्व या दोन गोष्टींची गल्लत होते. लग्नाच्या पंगतीत वाढप्याच्या हातून व्याह्यांच्या अंगावर आमटी सांडली, तर हात जोडायला वधूपिताच पुढे येतो. पळी त्याच्या हातात नव्हती, हे व्याह्यांनाही दिसलेले असते. तरीही तो ‘वाढप्याला विचारा’ असे म्हणाला, तर मांडवातले सारे लोक त्याला हलका माणूस समजतील. यजमानपणाचा मान ज्याने घेतला, त्याने पंगतीतल्या चुकाही पदरात घ्यायच्या असतात. पाप ज्याचे त्याचे असते. उत्तरदायित्व मात्र अधिकाराबरोबर आपोआप येते.

पण येथे थांबलो तर अर्धेच सत्य हाती लागेल. सगळे ओझे वरच्याच्या माथी टाकले की खालचा म्हणू लागतो, ‘आम्ही काय, हुकमाचे ताबेदार!’ या वाक्याने किती अनर्थ होतो ते १९७५ साली देशाने पाहिले. २५ जूनच्या रात्री दिल्लीतल्या वृत्तपत्रांची वीज तोडली गेली. सकाळी अनेक पत्रे निघूच शकली नाहीत. १९७७ मध्ये नेमलेल्या न्यायमूर्ती शहा आयोगाने आणीबाणीची तपासणी केली, तेव्हा हा वीज तोडण्याचा हुकूम तोंडीच दिला गेला होता, असे बाहेर आले. आयोगाच्या आकड्यांनुसार त्या काळात एक लाख दहा हजारांहून अधिक माणसे अटकेत वा स्थानबद्धतेत गेली. एवढ्या माणसांना कोणी एकटा तुरुंगात टाकू शकत नाही. त्याला हजारो हात लागतात. त्यांतले बहुतेक हात सज्जन गृहस्थांचे होते. संध्याकाळी घरी जाऊन आपल्या मुलांच्या डोक्यावरून फिरणारे.

त्यांची कुचेष्टा करणे सोपे आहे. मी ती करणार नाही. बदलीचा हुकूम निघाला की शाळेतली मुले, म्हातारी आई आणि भाड्याचे घर यांचे काय होते, हे नोकरदाराला विचारावे. प्रत्येक हेडक्लार्कने रामशास्त्री व्हावे अशी अपेक्षा धरणारा माणूस बहुधा स्वतः कधी कोणाचा चाकर नसतो. पण रामशास्त्री आणि निमूट ताबेदार यांच्यामध्ये एक पायरी आहे, आणि ती फार उंच नाही. ती पायरी म्हणजे एवढेच म्हणणे: ‘साहेब, हे लिहून द्याल का?’

यात बंड नाही, उद्धटपणा नाही. १९६८ च्या अखिल भारतीय सेवांच्या वर्तन-नियमांतच आहे की वरिष्ठाचा आदेश सामान्यतः लेखी असावा, आणि तोंडी देणे भागच पडले तर तो पाठोपाठ लेखी कायम करावा. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयालाही पुन्हा बजावावे लागले की, सनदी सेवकांनी नुसत्या तोंडी सूचनांवर चालू नये, त्यांची नोंद करावी. म्हणजे ही पायरी कायद्यानेच बांधून ठेवली आहे. पाय ठेवणारे थोडे, एवढेच. आणि त्या साध्या प्रश्नात ताकद केवढी! जे बोलायला जीभ धजते पण लिहायला लेखणी कचरते, ते गैर आहे अशी साक्ष बोलणाऱ्याच्याच मनाने दिलेली असते.

कोणी विचारील, अशा चौकश्यांनी साधले काय? कृष्णम्माचारी पाचसहा वर्षांतच पुन्हा अर्थमंत्री झाले. १९७७ साली पटेलही त्याच खुर्चीवर बसले. शहा आयोगापुढे शपथ घ्यायला इंदिरा गांधींनी नकार दिला, आणि १९८० साली मतदारांनी त्यांना पुन्हा सत्तेवर आणले. राघोबादादांनी तरी कुठे प्रायश्चित्त घेतले? हे सारे खरे आहे. आयोगाला शिक्षा देण्याचा अधिकारच नसतो. त्याच्यापुढे दिलेली जबानी पुढे त्या माणसाविरुद्ध खटल्यात सहसा वापरताही येत नाही. शिवाय ‘चौकशी चालू आहे’ हे वाक्य उकळत्या भांड्यावर झाकण ठेवण्यासाठी अनेकदा वापरले जाते, हेही आपण पाहतो.

तरीही आयोगाचे एक काम दुसरे कोणी करीत नाही. जो हुकूम जाणूनबुजून कागदावर येऊ दिला नव्हता, तो आयोग कागदावर आणतो. कोण कोणाशी काय बोलले, कोणी मान डोलावली, कोण गप्प राहिले, याची नोंद होते. शहा आयोगाच्या अहवालाच्या प्रती पुढे दुर्मीळ झाल्या, तेव्हा एरा सेझियन या जुन्या खासदारांनी २०१० मध्ये तो पुन्हा छापून काढला. सत्तेला कागद नकोसा वाटतो, यावरूनच त्याची किंमत कळते. १९७१ च्या दुरुस्तीपासून तर अहवाल सहा महिन्यांच्या आत, काय कारवाई केली त्या निवेदनासह, सभागृहापुढे ठेवण्याचे बंधन आहे. तो ठेवला का, आणि ठेवल्यावर आपल्यापैकी कोणी त्याची विचारपूस केली का, हा प्रश्न मंत्र्यांना विचारण्याआधी आपणच आपल्याला विचारावा.

दिवाळीत आपण वहीची पूजा करतो. नव्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक काढतो, त्यावर हळद-अक्षता वाहतो. लक्ष्मीच्या शेजारी वही मांडण्याची बुद्धी ज्यांना झाली, ते आपले पूर्वज व्यवहारात पक्के होते. लक्ष्मी चंचल आहे, सत्ताही चंचल आहे. दोघींचा हिशेब कुठेतरी लिहिलेला असावा, एवढेच त्यांना ठाऊक होते. राज्याच्या वहीतही तोंडी व्यवहाराला जागा नसावी. आणि ती वही उघडून पाहण्याचा हक्क, वाचकहो, आपण कोणालाच दान करू नये.