बत्तीस कुठून आले?

४१ मधून १३ वजा करा. तिसरी-चौथीच्या चाचणीत हे गणित कुठल्या ना कुठल्या रूपात येतंच आणि त्याचं उत्तर ३२ लिहिणारी मुलंही हमखास असतात. तपासणारा फुली मारतो, गुण शून्य. तो शून्य तक्त्यात जातो आणि पेपर गठ्ठ्यात.

पण ३२ हे उत्तर अंदाजपंचे आलेलं नसतं. मुलाने एककाच्या घरात पाहिलं, १ मधून ३ जात नाहीत. मग त्याने ३ मधून १ काढला, २ उरले. दशकाच्या घरात ४ मधून १ गेला, ३ राहिले. मोठ्यातून लहान वजा करायचं, हा नियम त्याला पक्का ठाऊक आहे आणि तो त्याने इमानेइतबारे पाळला आहे. ४१ मधले ४ म्हणजे चार दहा आणि त्यातला एक दहा सुटा करता येतो, एवढंच त्याला उमगलेलं नाही. शेजारच्या मुलीचं उत्तर ३८ आहे. तिने दहा सुटा केला, ११ मधून ३ नीट काढले, पण दशकाच्या घरात एक कमी झाला हे विसरली. तिसऱ्याने ५४ लिहिलेत, त्याने बेरीजच केली. तिघांनाही शून्य. उद्या वर्गात मात्र तिघांना तीन वेगळ्या गोष्टी शिकवाव्या लागणार आहेत.

पहिल्याला काड्यांचे गठ्ठे द्यावे लागतील. दहा-दहाचे चार गठ्ठे आणि एक सुटी काडी. तेरा काड्या मागितल्या की तो अडतो आणि एक गठ्ठा सोडावाच लागतो. रबर निघतं, हातात अकरा सुट्या काड्या येतात, आणि त्याला जे फळ्यावर दहादा सांगून कळत नव्हतं ते त्याच्या बोटांनी केलेलं असतं. मुलीला गठ्ठ्यांची गरजच नाही, तिला सावकाश लिहायची सवय हवी. तिसऱ्याला गणित मोठ्याने वाचायला लावलं की बहुधा पुरतं.

महाराष्ट्रात चाचण्यांना तोटा नाही. २०१० पासून आकारिक आणि संकलित मूल्यमापन आलं, २०१५ ला प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र सुरू झाल्यावर पायाभूत चाचण्या आल्या, वर शिष्यवृत्ती आणि राष्ट्रीय सर्वेक्षणं. पायाभूत चाचणीचा मूळ हेतू फार चांगला, मूल आज कुठे उभं आहे ते शिक्षकाला कळावं. पण त्याच आकड्यावरून शाळेचं नाव ठरू लागलं, केंद्राच्या बैठकीत शाळांची तुलना होऊ लागली, की कमी गुण ही बातमी न राहता बेअब्रू होते. मग पेपर सोपा करून सांगितला जातो, कच्च्या मुलाच्या मागे कुणीतरी उभं राहतं. मी यासाठी शिक्षकांना दोष देणार नाही. द्विशिक्षकी शाळेत एकाच वेळी दोन-दोन वर्ग सांभाळून, पोर्टलवर गुण भरायच्या शेवटच्या तारखेकडे डोळे लावून बसलेल्या माणसाला ३२ आणि ३८ मधला फरक शोधायला वेळ कोण देतं?

हा फरक जवळ बसल्यावरच दिसतो. ‘प्रथम’ संस्थेने २००५ पासून चालवलेल्या ‘असर’ सर्वेक्षणाची मला म्हणूनच कदर वाटते. तिथे कार्यकर्ता गावात, मुलाच्या घरी जातो आणि एकेका मुलाशेजारी बसतो. आधी पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद. तो सहज वाचला तर दुसरीच्या पातळीची गोष्ट. परिच्छेदातच मूल अडखळलं तर शब्द, तेही जमले नाहीत तर अक्षरं. मूल जिथे सहज वाचतं, ती त्याची पातळी. नापास कुणीच नाही, प्रत्येक जण कुठे ना कुठे उभा आहेच. २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या सरकारी शाळांमधली तिसरीची २३.४ टक्के मुलं दुसरीचा मजकूर वाचू शकली. २०२२ ला हे प्रमाण १६.३ टक्के होतं. दोन वर्षांतली ही वाढ मोलाची आहे. तरी चारांतली तीन मुलं अजून मागेच आहेत, आणि हातात तिसरीचं पुस्तक धरून बसली आहेत.

अशा मुलांचं काय करायचं, याचं एक उत्तर मुंबईच्या पालिका शाळांनी दिलं आहे. ‘प्रथम’ची सुरुवात मुंबईतच झाली. या शाळांत वस्तीतल्याच एखाद्या तरुणीला थोडं प्रशिक्षण देऊन ‘बालसखी’ म्हणून नेमायचे. तिसरी-चौथीतली मागे पडलेली पंधरा-वीस मुलं ती रोज दोनेक तास वर्गाबाहेर घेऊन बसायची आणि त्यांना जिथे अडतं तिथून शिकवायची. पुढे नोबेल मिळालेले अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांनी मुंबई आणि वडोदऱ्यात या कामाची रीतसर तपासणी केली. मुलांचे गुण वाढले, आणि सर्वांत जास्त वाढले ते तळाच्या मुलांचे. तोच अभ्यास आणखी एक गोष्ट सांगतो, जी आपण सोयीने विसरतो. बालसखीचा हात सुटल्यावर वर्षभरातच ती आघाडी बरीच ओसरली. म्हणजे हे काम एका मोहिमेत उरकणारं नाही, ते दर वर्षी, दर वर्गात करावं लागतं.

म्हणून माझी मागणी साधी आहे. संकलित चाचणीनंतरचा एक आठवडा शिक्षकाला मोकळा द्या. त्या आठवड्यात अहवाल नको, बैठक नको, ऑनलाइन माहिती नको. त्याने आपल्याच मुलांच्या उत्तरपत्रिका घेऊन एकेकाला जवळ बसवावं आणि विचारावं, ‘हे बत्तीस तू कसे काढलेस, मला सांगतोस?’ गुण पुढच्या आठवड्यात भरले तरी जिल्ह्याचं काही अडत नाही.