वाऱ्याच्या नावावर आपलं पाप खपवू नका

आधी ती एअरगन रिकामी आहे का ते दाखवा, टेबलावर ठेवा आणि तिघंही समोर उभे राहा. खाली बघू नका, माझ्याकडे बघा.

“सर, वारा होता, नाहीतर डोक्यातच बसला असता.” हे वाक्य मैंदर्गीच्या शिवारात पुन्हा माझ्या कानावर येता कामा नये. काल संध्याकाळी तुरीच्या ओळीत ते तितर सापडलं. एक पंख लोंबत होता, मांडीत छर्रा रुतला होता, जखमेभोवतीची पिसं रक्तानं चिकटून कडक झाली होती. जीव होता अजून. ते शोधायची तसदीही तुम्ही घेतली नाहीत. तुम्ही बांधावर बसून वाद घालत होतात की साडेचार मिलिमीटरचा छर्रा हलका म्हणून वाऱ्यानं नेला, आळंदच्या मामेभावाची साडेपाचची गन असती तर वाऱ्याची मात्रा चालली नसती.

कुणी सांगितलं हे? दहावीपर्यंत विज्ञान शिकलात ना? मग नीट ऐका.

छर्रा कमरेत बारीक आणि मागं घेरदार असतो. त्या घेरामुळं तो सरळ उडतो, पण त्याच घेरामुळं हवा त्याला मागं ओढते आणि त्याचा वेग झपाट्यानं पडतो. हवेच्या या अडवण्यामुळं निशाणापर्यंत पोचायला जितका जादा वेळ लागतो, तितका वेळ आडवा वारा त्याला बाजूला नेतो. आता वजनाचं बघा. साडेचारचा साधा छर्रा अर्ध्या ग्रॅमच्या आसपास, साडेपाचचा एक ग्रॅमच्या जवळपास. जड छर्रा वेग सावकाश सोडतो, हे खरं. पण गनची ताकद तेवढीच असेल तर तो नळीतून निघतानाच हळू निघतो. एका हातानं मिळालेलं दुसऱ्या हातानं जातं. सारख्या ताकदीच्या दोन गन घेतल्या, तर वाऱ्यात दोन्ही छर्रे जवळजवळ सारखेच सरकतात. वर साडेपाचचा छर्रा खालीही जास्त पडतो. म्हणजे मामेभावाची गन असती तरी ते तितर असंच तडफडलं असतं.

काल तुरीची पानं आणि बारीक फांद्या सारख्या हलत होत्या. एवढा वारा सेकंदाला चार मीटरच्या आसपास असतो. तो आडवा असेल, तर चांगल्या ताकदीच्या साडेचारच्या गनचा छर्रा दहा मीटरवर अर्धा सेंटिमीटर सरकतो. वीस मीटरवर अडीच. तीस मीटरवर पाच-सहा. चाळीसवर दहा. अंतर दुप्पट झालं की सरक साधारण चौपट होते, हे वहीत लिहून घ्या. तुमची गन त्याहून कमजोर असेल तर छर्रा आणखी सरकणार. आणि तितराचं मर्म केवढं? दोन-तीन सेंटिमीटर! तीस मीटरवरून नेम धरलात तेव्हाच ते जखमी होणार हे जवळपास ठरलेलं होतं.

“मग नेम पाच सेंटिमीटर बाजूला धरायचा,” असं कुणाच्या मनात येत असेल तर तेही काढून टाका. आपल्याकडचा पावसाळी पश्चिमेचा वारा एका दमात वाहत नाही. आता दोन मीटर, पुढच्या श्वासाला सहा. त्यात तो कोनातून आला की हिशेब आणखी बदलतो. पंचेचाळीस अंशांतून येणारा वारा निम्मा धरला जातो, पण प्रत्यक्षात तो सत्तर टक्के लागतो. शिवाय नळीजवळच्या वाऱ्यानं दिलेला कल शेवटपर्यंत वाढत जातो, म्हणून पक्ष्याजवळचं गवत शांत दिसलं तरी छर्रा फसतो. तुम्ही बांधाच्या उघड्या माथ्यावर आणि तितर तुरीच्या आडोशाला. कुठला वारा बघून चाप ओढलात?

कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे ठाऊक आहे ना? १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये त्यानं कांस्यपदक मिळवलं. कोल्हापूरचीच तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला पन्नास मीटर प्रोनमध्ये विश्वविजेती झाली. त्यांची गोळी तुमच्या छर्ऱ्यापेक्षा कितीतरी जड आणि वेगवान. तरी पन्नास मीटरच्या रेंजवर वाऱ्यासाठी झेंड्या लावलेल्या असतात. नेमबाज त्या वाचतो, आधी सरावाचे शॉट घेतो, वारा फिरला की बोट चापावरून काढून थांबतो. एवढं सगळं कागदासाठी! आणि तुम्ही जित्या जिवावर अंदाजपंचे छर्रा सोडता.

आता कायदा. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चा. त्यात शिकार म्हणजे फक्त मारणं नव्हे, जखमी करणंही शिकार आणि तसा प्रयत्न करणंही शिकारच. तितर असो, लावा असो, ससा असो, तुरुंग होऊ शकतो. मोर किंवा काळवीट असेल तर किमान तीन वर्षं. आणि मामेभावाच्या त्या साडेपाचच्या गनला २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणं परवाना लागतो. आहे का त्याच्याकडे? विचारलंत कधी?

आणखी एक. चुकलेला छर्रा बांधावर थांबत नाही, शे-दोनशे मीटर सहज जातो. त्याच तुरीत काल बायका खुरपत होत्या. तुमच्या आया असतील, दुसऱ्या कुणाच्या असतील. डोळ्यात गेला असता तर तिथंही “वारा होता” म्हणाला असतात?

तुमच्या हाताला नेम आहे, म्हणून एवढं बोलतोय. बेफिकीर पोरांवर मी घसा कोरडा करत नाही. दहा मीटर एअर रायफलच्या स्पर्धेत दहाचं वर्तुळ अर्ध्या मिलिमीटरचं असतं. हिंमत दाखवायचीय ना? तिथं दाखवा.

आजपासून ही गन घरच्या मोठ्या माणसाच्या कुलपात. रविवारी माझ्यासमोर, शेतमालकाला विचारून, उंच मातीच्या तालीला कागद लावायचा. दहा, वीस, तीस मीटर, प्रत्येक ठिकाणी पाच छर्रे. काठीला सुतळी बांधून वारा वाचायचा आणि सरक पट्टीनं मोजून लिहायची. यापुढे जखमी पाखरू दिसलं तर बांधावर बसायचं नाही, वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करायचा. आणि कागदावर कितीही पक्का नेम बसला, तरी पाखरावर नळी रोखायची नाही. कायदा त्याची मुभा देत नाही आणि मीही देणार नाही. चला, वह्या काढा.