एकाचा आकडा, सर्वांचा अंधार

आपल्या भंडारा जिल्ह्यात तिशी ओलांडलेल्या कोणालाही 'भारनियमन' या शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही. २००५ नंतरची काही वर्षे आपल्या गावांनी दिवसाचे कित्येक तास विजेवाचून काढली. मगरिबची अजान भोंग्याविना होई आणि मुअज्जिनचा आवाज पोहोचेल तेथवरच पोहोचे. रमजानमध्ये इफ्तारचा दस्तरखान कंदिलाच्या उजेडात मांडला जाई. उन्हाळी धानाच्या बांधीत पाणी सोडण्यासाठी शेतकरी मध्यरात्री मोटारीजवळ वीज येण्याची वाट पाहत बसे. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर येथे, म्हणजे आपल्याच विदर्भात, वीज तयार होत होती आणि आपण अंधारात होतो.

त्या काळोखात एक प्रश्न मी लहानपणापासून ऐकत आलो: "बिल मी भरतो, आकडा दुसरा टाकतो, मग अंधार माझ्या घरी का?"

हा प्रश्न निराधार नव्हता. भारनियमनाचे तास ठरविताना महावितरणने प्रत्येक फीडरवरील गळती आणि वसुली पाहून गट पाडले. जेथे चोरी व थकबाकी अधिक, तेथे अंधारही अधिक. एप्रिल २०२२ मध्ये कोळशाअभावी विजेचा तुटवडा पडला, तेव्हाही भार प्रामुख्याने अशाच गटांवर आला. एका फीडरवर शेकडो घरे असतात. त्यांत नियमाने बिल भरणारी विधवाही असते आणि रात्री खांबावर आकडा टाकणारा तिचा शेजारीही. पुरवठा बंद झाला की दोघांच्याही घरी सारखाच काळोख होतो.

येथे विचार करणाऱ्या मनाला कुरआनची दोन वचने परस्परांसमोर उभी राहिल्यासारखी वाटतात. सूरह अल्-अन्आम (६:१६४) सांगते की कोणीही दुसऱ्याचे ओझे वाहणार नाही. सूरह अल्-अन्फाल (८:२५) अशा संकटापासून सावध करते, जे केवळ अत्याचार करणाऱ्यांपुरते मर्यादित राहत नाही. मग निरपराध माणसाने कोणत्या वचनाकडे पाहावे?

माझ्या अल्प समजुतीप्रमाणे दोन्हींकडे. पहिले वचन हिशेबाविषयी आहे आणि दुसरे सहजीवनाविषयी. शिक्षा आणि परिणाम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अल्लाहच्या दरबारात शेजाऱ्याच्या आकड्याचा जाब त्या विधवेला विचारला जाणार नाही. परंतु या जगात माणसे एकाच विहिरीचे पाणी पितात आणि एकाच तारेवरची वीज वापरतात. म्हणून एकाच्या कृत्याची झळ दुसऱ्याला लागते.

सहीह बुखारीत हजरत नुअमान बिन बशीर (रजि.) यांनी कथन केलेली जहाजाची हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे. खालच्या मजल्यावरील प्रवाशांना पाण्यासाठी वारंवार वर जावे लागते. वरच्यांना त्रास नको म्हणून ते आपल्याच वाट्यात छिद्र पाडण्याचा विचार करतात. त्यांना रोखले नाही, तर सारेच बुडतील. येथे लक्षात घ्या, छिद्र पाडणारा दुष्ट नाही. त्याची तहान खरी आहे, हेतूही वाईट नाही. फक्त जहाजाचे तळ वेगवेगळे नसतात, एवढेच तो विसरतो. "एक दिवा आणि एक पंखा, कोणाचे काय बिघडते?" असे म्हणणारा माणूसही हेच विसरतो.

विजेच्या बाबतीत तर हे अक्षरशः खरे आहे. ३० व ३१ जुलै २०१२ रोजी देशातील वीजजाळे कोसळले. दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशी तीन जाळी एकत्र बंद पडली आणि साठ कोटींहून अधिक लोकवस्तीच्या प्रदेशाला त्याचा फटका बसला. काही राज्यांनी आपल्या वाट्यापेक्षा अधिक वीज ओढली, हे त्यामागील एक कारण होते. पश्चिमेच्या जाळ्यात असल्याने महाराष्ट्र तेव्हा वाचला. पुढे ३१ डिसेंबर २०१३ रोजी दक्षिणेचे जाळेही जोडले गेले आणि आता सारा देश एकाच जाळ्यात आहे.

सार्वजनिक संपत्तीला मालक नाही, असे समजणे ही मोठी भूल आहे. तिचे मालक आपण सर्व आहोत. एका माणसाचे दहा रुपये घेतले, तर ते परत करून त्याची क्षमा मागता येते. कोट्यवधींचे घेतले, तर क्षमा कोणाकोणाच्या दारी मागणार? तौबासाठी हक्कदाराचा हक्क परत करावा लागतो, म्हणून ही चोरी हलकी नसून अधिक जड आहे. जलसा किंवा उर्सची रोषणाई करताना आणि मशिदीच्या हौदात वुजूचे पाणी भरताना हे स्मरणात ठेवावे. तात्पुरती वीजजोडणी रीतसर मिळते. ती घेण्याइतकी ऐपत नसेल, तर दिवे कमी लावावेत. त्याने इबादतीत काही उणे येत नाही.

मात्र जहाजाच्या वरच्या मजल्यावरही एक कर्तव्य आहे. खाली तहान आहे, हे ज्यांना ठाऊक होते, त्यांनी पाणी खाली पोहोचवायला हवे होते. आपल्या मोहल्ल्यात ज्या घराला बिल खरोखरच झेपत नाही, ते घर जकातीस पात्र असेल तर रक्कम त्याच्या हाती द्या आणि जोडणी नियमित होईपर्यंत सोबत राहा. नुसता हात धरून रोखणे सोपे आहे. रोखल्यानंतर त्याची तहान भागवणे हे खरे काम आहे.

आणि तुम्ही, जे भरूनही अंधारात बसलात, तुमचे गाऱ्हाणे न्याय्य आहे. ते संबंधित कार्यालयाकडे लेखी मांडा, चार घरांच्या सह्या घेऊन मांडा. पण "मग मीही का भरू?" हा विचार मनात येऊ देऊ नका. शेजाऱ्याच्या चोरीमुळे तुमच्या घरातला काही तासांचा उजेड गेला. तुमची अमानत मात्र तुमच्या स्वतःच्या हाताखेरीज कोणीही घालवू शकत नाही.