गिरणीवाल्याला निमित्त हवं

मुक्ताबाईला मांडे भाजायला खापर हवं होतं आणि विसोबा चाटीने आळंदीतल्या कुंभारांना आधीच दम भरून ठेवला होता, की संन्याशाच्या पोरांना कुणी काही द्यायचं नाही. पुढचं सगळ्यांना पाठ आहे. ज्ञानेश्वरांनी योगाग्नी चेतवला, पाठ तापली, मांडे भाजले गेले. विसोबाही पुढे शरण आला आणि नामदेवांचा गुरू झाला. कुंभाराचं काय झालं, ते मात्र कथा सांगत नाही. मला अलीकडे त्याचंच कुतूहल वाटतं. त्या चार पोरांशी त्याचं वैर असायचं काही कारण नव्हतं. संन्यास घेऊन पुन्हा संसारात आलेल्या बापाचा दोष मुलांना लागतो की नाही, हा शास्त्रार्थही त्याच्या डोक्यावरून जात असणार. आज खापर दिलं तर उद्या आपली मडकी कोण घेईल, एवढाच त्याचा हिशोब. माणसाला वाळीत टाकायला फार दुष्ट माणसं लागत नाहीत, असे हिशोबी कुंभार पुरतात.

कोकणातलं एक कुटुंब माझ्या ओळखीचं आहे; गावाचं नाव सांगत नाही. जमिनीच्या तंट्यात गावकीचा निवाडा न मानता ते कोर्टात गेले, म्हणून वाळीत पडले. मारहाण नाही, शिवीगाळ नाही. दळण घेऊन गेलं की गिरणीत नेमकी वीज नसायची. दुकानातलं मीठ संपलेलं असायचं. त्यांच्याशी बोलेल त्याला दंड. गणपतीत आरत्या म्हणत घरोघर फिरणारी पोरं त्यांच्या पायरीवरून सरळ पुढे जायची, आणि आत घरचेच चौघे टाळ्या वाजवत आरती उरकायचे. झांजा गावकीच्या ना! शिमग्याला पालखी दारोदार नाचते, ती त्यांच्या अंगणाला वळसा घालून जायची. त्या घरची म्हातारी मला म्हणाली, ‘‘दळण मी तालुक्यातनं आणीन रे बाबा, पण देव कुठनं आणू?’’

श्रद्धा आणि मानवी हक्क यांचं भांडण लावून देणाऱ्या दोन्ही बाजूंच्या मंडळींनी हा प्रश्न ऐकायला हवा होता. वाळीत टाकण्याचा खरा घाव श्रद्धावंतालाच बसतो. नास्तिकाच्या दारी पालखी आली नाही तर त्याचं काय बिघडणार? म्हातारीला देवापासून सुटका नको आहे, तिला देवात आपला वाटा हवा आहे. तिने हक्क मागितला तर तो धर्मावरचा हल्ला कसा होतो, हे मला आजवर कुणी समजावून दिलेलं नाही.

आपल्या न्यायालयालाही हे कोडं सहज सुटलेलं नाही. मुंबई राज्याने 1949 साली कायदा करून कोणत्याही जमातीला आपल्या माणसावर बहिष्कार टाकायला बंदी केली. दाऊदी बोहरा समाजाचे धर्मगुरू सय्यदना त्याविरुद्ध न्यायालयात गेले आणि 1962 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने तो कायदा घटनाबाह्य ठरला. धार्मिक कारणावरून सभासदाला काढून टाकणं हा संप्रदायाच्या आपल्या कारभाराचा भाग आहे आणि तो अनुच्छेद 26 ने राखलेला आहे, असं बहुमताचं म्हणणं. सरन्यायाधीश सिन्हा एकटे वेगळे पडले. बहिष्कृताला मशीद बंद, दफनभूमी बंद, म्हणजे तो आपल्याच समाजात अस्पृश्य झाला. मग अनुच्छेद 17 कशासाठी आहे, असा त्यांचा रोख होता. मला सिन्हांचंच पटतं. संप्रदायाला स्वातंत्र्य हवंच, पण माणसाला मूठभर माती नाकारण्याला ‘अंतर्गत कारभार’ म्हणायला माझी जीभ रेटत नाही. हा प्रश्न 2023 मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवला गेला.

बाबासाहेबांना हे फार आधी दिसलं होतं. गोलमेज परिषदेतल्या अल्पसंख्याक समितीपुढे त्यांनी अस्पृश्यांसाठी ज्या मागण्या ठेवल्या, त्यांत मताधिकार, नोकऱ्या यांच्याबरोबर सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवावा, अशीही मागणी होती. बहिष्काराची व्याख्या त्यांनी ब्रह्मदेशातल्या 1922 च्या कायद्यावरून घेतली होती. कागदावर मिळालेला हक्क बजावायला गेलेल्या माणसाला गाव शेतावरची मजुरी आणि दुकानातला माल बंद करून सरळ करतं, हे महाडच्या सत्याग्रहानंतर त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

महाराष्ट्रात हा गुन्हा ठरायला 2016 साल उजाडलं. 2013 मध्ये नाशकात जातीबाहेर लग्न केलेल्या गरोदर मुलीला बापानेच मारलं, तेव्हा जातपंचायतींच्या दहशतीवर लोक उघड बोलू लागले आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जातपंचायतीला मूठमाती देण्याची मोहीम काढली. कायदा लागू झाला जुलै 2017 मध्ये. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड.

शहरातल्या वाचकाने मात्र एवढ्यात सुस्कारा सोडू नये. मुंबईत जागा बघायला गेलेल्या माणसाला आडनाव विचारतात, मग खाणं विचारतात आणि मग ‘जागा कालच गेली’ म्हणतात. तिथे पंच नाहीत, बैठक नाही. दलाल आहे आणि सोसायटीचे सेक्रेटरी आहेत. त्यांच्या मानाने गावकी निदान तोंडावर तरी बोलते.

कायद्याने मनं बदलत नाहीत, हे वाक्य मी इतक्या व्याख्यानांतून ऐकलं आहे की आता त्याचा राग येतो. मन बदलायला सांगतंय कोण? तक्रार करणाऱ्याला त्याच गावात राहायचं असतं आणि साक्षीदारही तिथलेच, त्यामुळे शिक्षा होणं अवघडच. पण कायद्याचा उपयोग गिरणीवाल्याला होतो. त्याला दळून द्यायचंच असतं, निमित्त हवं असतं. आता तो पंचांना सांगू शकतो, ‘‘मला तुरुंगात जायचं नाही, तुम्ही जा.’’

माझ्या ओळखीच्या घरी तसंच झालं. त्यांनी पोलिसांत तक्रार दिली आणि आठवड्याभरात गिरणीत वीज आली, दुकानात मीठही आलं. पालखीचं घोंगडं मात्र भिजत पडलं आहे. समझोत्याच्या बैठकीत गावकीने कबूल केलं, की पालखी त्यांच्या दारी नेऊ, पण नाचवणार नाही. घरातली तरुण मंडळी ‘घ्या आता मिटवून’ म्हणताहेत. म्हातारी सही करायला तयार नाही, आणि माझ्या मते तिचंच बरोबर आहे.