अकराव्या दिवसापासून

हृदयविकाराचा झटका आला की माणसे धावून येतात. कुणी गाडी काढतो, कुणी रुग्णालयातल्या ओळखीच्या माणसाला फोन लावतो, भावकीतला एखादा न मागता पैसे हातात ठेवतो. हा आपल्या समाजाचा मोठा गुण आहे आणि त्याने कित्येकांचे प्राण वाचवले आहेत. शासनाची मदतही याच प्रसंगासाठी उभी राहिली. 2012 साली राज्यातल्या 8 जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, 2017 मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले, आणि कुटुंबाला मिळणारे दीड लाखाचे संरक्षण पुढे पाच लाखांपर्यंत वाढले. या योजनेतून अँजिओप्लास्टी झालेला माणूस आज बहुतेक प्रत्येक गावात भेटतो. सातारा जिल्ह्यातले माझे मामा त्यांपैकीच एक.

योजनेच्या पॅकेजमध्ये दाखल झाल्यापासूनचा सगळा खर्च येतो आणि सुटी झाल्यानंतर 10 दिवसांपर्यंतची औषधेही येतात. रुग्णालयातून निघताना मामांच्या हातात औषधांची पिशवी होती आणि घरात कुणावर कर्ज झालेले नव्हते. त्या दिवशी आम्हा सगळ्यांना वाटले, संकट टळले. पण स्टेंट बसलेल्या माणसाची औषधे दहा दिवसांत संपत नसतात. रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या साधारण वर्षभर आणि त्यांतली एक पुढेही, कोलेस्टेरॉलची गोळी कायमची, रक्तदाबाची कायमची, हृदयाचा पंप अशक्त झाला असेल तर त्याच्या वेगळ्या. मामा साखर कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांची पेन्शन दोन हजारांच्या आसपास आणि महिन्याच्या औषधांचे बिल त्याहून जास्त. अकराव्या दिवसापासून हा हिशोब सुरू झाला, आणि त्यासाठी धावून येणारे कुणी नव्हते. कुणाचे मन कोरडे झाले होते असे नाही. दर महिन्याचे संकट कुणाला दिसतच नाही.

मलाही ते दिसले ते मेडिकलमध्ये. मामांनी चिठ्ठी पुढे केली आणि दुकानदाराने सवयीने विचारले, "काका, आठवड्याच्या देऊ?" त्याने पट्ट्या काढल्या आणि कात्रीने कापून सात-सात गोळ्या वेगळ्या केल्या. कापलेल्या तुकड्यावर कधी औषधाचे अर्धे नाव राहते, कधी तेही राहत नाही. मुदत संपण्याची तारीख तर दुकानातल्या उरलेल्या पट्टीवरच राहून जाते. घरी मामींनी ते तुकडे स्टीलच्या डब्यात ठेवले आणि मला बाजूला घेऊन सांगितले, "रक्त पातळ करायची महागातली गोळी ते एक दिवसाआड घेतात. तेवढीच पुढच्या आठवड्याला पुरते म्हणतात." डॉक्टर प्रत्येक वेळी विचारत, गोळ्या वेळेवर घेता ना, आणि मामा हो म्हणत. पैसे नाहीत हे डॉक्टरांपुढे बोलायचे त्यांच्या जिवावर येत होते.

या एक दिवसाआडमागची काटकसर समजण्यासारखी आहे, पण तिचा धोका फार मोठा आहे. स्टेंट म्हणजे रक्तवाहिनीत बसवलेली धातूची बारीक जाळी. तिच्यावर शरीराचे स्वतःचे अस्तर नीट चढेपर्यंत तिथे गुठळी होण्याचा धोका राहतो, आणि ती झाली तर पुन्हा झटका येतो, अनेकदा पहिल्यापेक्षा जीवघेणा. टिकाग्रेलॉरसारख्या गोळीचा परिणाम तर काही तासांचाच असतो, म्हणून ती दिवसातून दोनदा घ्यायची असते. एक दिवसाआड घेतली तर मधल्या काळात संरक्षण जवळजवळ उरत नाही. शासनाने लाखाच्या घरातला उपचार फुकट करून दिला, आणि तो सांभाळणारी गोळी पैशाअभावी डब्यात पडून राहिली. यात नुकसान एकट्या रुग्णाचे नाही.

पुढच्या तपासणीला मामींनीच डॉक्टरांना सगळे सांगितले. ते रागावले नाहीत. चिठ्ठी पुढे ओढून एकेका औषधावर त्यांनी पेन ठेवले: हे आता बंद करता येईल, हे जनऔषधीत मिळेल, ह्याऐवजी तुमच्या बाबतीत क्लोपिडोग्रेल चालेल. खरी मदत तिथून सुरू झाली. औषधांसाठी पैसे कुठून आणायचे हा दुसरा प्रश्न आहे. ही औषधे एवढी महाग का, आणि त्यांना पर्याय आहे का, हा पहिला. टिकाग्रेलॉरचे पेटंट भारतात 2019 च्या सुमाराला सरले, डापाग्लिफ्लोझिनचे 2020 मध्ये, आणि हृदय अशक्त झालेल्यांना दिली जाणारी सॅक्युबिट्रिल-व्हॅलसार्टन ही जोडगोळी 2023 पासून अनेक भारतीय कंपन्या बनवतात. त्यामुळे एकाच औषधाच्या दोन पट्ट्यांच्या किमतीत आज मोठा फरक असू शकतो. जनऔषधी केंद्रांची कल्पना 2008 सालची. तिथे ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, ॲटोरव्हास्टॅटिन, मेटोप्रोलॉल ही रोजची औषधे बाजारातल्या नावाजलेल्या ब्रँडच्या निम्म्याहून कमी किमतीत मिळतात, कधी त्याहूनही स्वस्त. बदल मात्र डॉक्टरांना विचारूनच करायचा. मामांचे बिल त्या एका भेटीत निम्म्याखाली आले, आणि त्यासाठी कुणापुढे हात पसरावा लागला नाही.

उरलेल्या खर्चासाठी आम्ही शहरातल्या एका धर्मादाय रुग्णालयात गेलो. महाराष्ट्रात अशा रुग्णालयांना कायद्याचे बंधन आहे. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचे कलम 41 कक आणि त्याखाली मुंबई उच्च न्यायालयाने 2006 मध्ये मान्य केलेली योजना सांगते की 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवायच्या, आणि एकूण बिलांच्या 2 टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत वेगळी जमा करायची. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड लागते. मामा केशरी कार्ड हातात धरून समाजसेवा विभागाच्या बाकावर बसले होते आणि मान वर करत नव्हते. आयुष्यभर कुणाचे पाच रुपये न ठेवलेला माणूस. तिथल्या बाईंच्या ते लक्षात आले असावे. अर्ज भरता भरता त्या म्हणाल्या, "काका, हे पैसे आम्ही आमच्या खिशातले देत नाही. कायद्याने तुमच्यासाठीच बाजूला काढलेले आहेत." मामांनी सही केली. पैशाइतकीच मोलाची मदत मला त्या वाक्यात दिसली. आपल्याकडे मदत आणि उपकार एकाच ताटात वाढले जातात, आणि म्हणून ज्याला गरज आहे तोच माणूस पानावरून उठून जातो. हक्क आहे हे कळले तर तो बसतो.

तरीही असा अर्ज, असा दाखला, असा अनोळखी विभाग हे सगळे प्रत्येक रुग्णाच्या घरी भाचा असेल तरच जमणार का? देशाच्या आरोग्य खर्चात लोकांच्या थेट खिशातून जाणारा वाटा 2013-14 मध्ये 64.2 टक्के होता, तो 2021-22 मध्ये 39.4 टक्क्यांवर आला. ही मोठी सुधारणा आहे. पण उरलेल्या वाट्यात दर महिन्याच्या औषधांचे ओझे मोठे आहे, आणि विम्याच्या योजना प्रामुख्याने खाटेवर झोपलेल्या माणसासाठी असतात. चालत मेडिकलमध्ये जाणारा रुग्ण त्यांच्या नजरेत येत नाही.

हे बदलता येते, याचा दाखला आमच्या जिल्ह्यातच आहे. उच्च रक्तदाबाच्या नियंत्रणासाठी भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम सुरू झाला, तेव्हा महाराष्ट्रातून निवडलेल्या पहिल्या 4 जिल्ह्यांत सातारा होता, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्ध्याबरोबर. त्यात किचकट काही नव्हते. ठरावीक मोजक्या गोळ्या, घराजवळच्या आरोग्य केंद्रात, एका वेळी महिनाभराच्या, मोफत, आणि कुणी आला नाही तर त्याची चौकशी. रक्तदाबाच्या रुग्णासाठी जे जमते ते स्टेंट बसलेल्या रुग्णासाठी का जमू नये? क्लोपिडोग्रेल आणि ॲटोरव्हास्टॅटिन ही काही दुर्मिळ औषधे नाहीत. दोन्ही राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत.

माझी मागणी म्हणून साधी आहे. फुले योजनेतून शस्त्रक्रिया झालेल्या प्रत्येक रुग्णाच्या सुटीच्या कागदावर त्याची पुढची औषधे मूळ नावाने लिहिलेली असावीत, त्यांचा महिन्याचा खर्च लिहिलेला असावा, आणि ती जवळच्या कोणत्या केंद्रात मिळतील हेही. तो खर्च झेपेल का, हे रुग्णालयातल्या योजनेच्या आरोग्यमित्राने सुटीच्या आधी विचारावे आणि झेपणार नसेल तर अर्ज तिथेच भरून घ्यावा. योजनेत काही उपचारांनंतरच्या पाठपुराव्याची पॅकेजेस आहेत. आपल्या रुग्णाला त्यांतले काही लागू होते का, हे नातेवाइकांनी विचारल्याशिवाय रुग्णालय सोडू नये. आणि आपण धावून येणाऱ्यांनी आणखी एक सवय लावून घ्यावी. झटका येऊन गेलेल्या माणसाला भेटायला जाताना फळे न्यावीत, पण पुढच्या महिन्याच्या गोळ्या आणल्यात का, हेही स्पष्ट विचारावे. लाजेखातर तो हो म्हणेल. तेव्हा चिठ्ठी मागून घ्यावी आणि त्याच्या घरच्यांबरोबर बसून ती शेवटपर्यंत वाचावी.