उसनी दृष्टि

छायाचित्राचें संगणकावर रंगचित्र करणें ही फसवणूक आहे काय, असा प्रश्न हौशी छायाचित्रकारांच्या मंडळांत नेहमीं निघतो. १९व्या शतकांत आपल्याकडील छायाचित्रकार छायाचित्रांवर कुंचल्यानें रंग चढवीत. त्यांस आपण लबाड म्हणत नाहीं. तेव्हां दोष साधनाचा नव्हे. २०१५ सालीं गॅटिस व त्यांच्या सहकाऱ्यांनीं एका चित्राची शैली दुसऱ्यावर उतरविण्याची रीत प्रसिद्ध केली. आतां व्हॅन गॉगचें आकाश कोणाच्याही अंगणावर क्षणांत पसरतें. आम्हीं आईच्या छायाचित्रावर तसें करून पाहिलें. रंग सुरेख आले, पण कपाळावरील ओळखीच्या सुरकुत्या गेल्या. मग स्वहस्तें पडद्यावर रेघा ओढतांना कोणती सुरकुती राखावी हें आम्हांसच ठरवावें लागलें, आणि त्या ठरविण्यांत आम्हीं तिला पुन्हा पाहिलें. रंग यंत्राचे असोत. दृष्टि उसनी असल्यास तसें सांगावें, एवढेंच नीतीचें मागणें आहे.